माइकशिवाय खेळताना टीमच्या ॲबिलिटी कशा जुळवायच्या

ऑनलाइन टीम-गेम चालू आहे आणि शत्रूचे चार जण एका अरुंद दारात सापडलेत. तुमचा अल्टिमेट (पात्राची सर्वात मोठी, सावकाश भरणारी ॲबिलिटी) तयार आहे, शेजारच्या टीममेटचाही तयार आहे. दोघं एकाच क्षणी बटण दाबता. एकाने भागलं असतं तिथे दोन अल्टिमेट खर्ची पडतात आणि अर्ध्या मिनिटाने शत्रू परत येतो तेव्हा दोघांचे हात रिकामे असतात. नाहीतर याच्या उलट घडतं: तो तुमची वाट बघतोय, तुम्ही त्याची, आणि तेवढ्यात ते चौघं दार ओलांडून आत आलेले. सोलो क्यू, म्हणजे एकट्याने अनोळखी टीममध्ये शिरून खेळणाऱ्या कुणालाही हे दोन्ही प्रकार नवे नाहीत.

"मग माइक लाव ना" हा सल्ला सगळ्यांच्या कामाचा नसतो. घरात कुणीतरी झोपलेलं असतं. पाच जणांच्या टीममध्ये चार भाषा असतात. काहींना ऐकू येत नाही, काहींना अनोळखी माणसाला आपला आवाज ऐकवायचा नसतो, आणि नुसता आवाज ऐकून शिव्या सुरू करणारे महाभागही भेटतात. मी स्वतः गेली कित्येक वर्षं माइक बंद ठेवूनच खेळतोय. सुरुवातीला वाटायचं, बोलता येत नाही तर जास्त टाइप करावं, जास्त पिंग (बटण दाबून टीमला दिसणारी खूण) करावं. त्याने काहीच सुधारलं नाही. सुधारलं ते एकच गोष्ट लक्षात आल्यावर: मी पुढे काय करणार हे टीममेटला माझ्या हालचालीच्या आधी दिसलं पाहिजे. खाली जे काही लिहिलंय ते तेवढ्यासाठीच.

१. बटणं हाताखाली आणा

नवा खेळाडू पिंगचं बटण शोधायला लागतो ते मारामारी सुरू झाल्यावर. त्यापेक्षा आधी दहा मिनिटं सरावाच्या नकाशात एकटे जा आणि चार गोष्टी शोधून ठेवा: साधं पिंग, धोक्याचं पिंग, आपला अल्टिमेट किती भरलाय ते टीमला कळवायची सोय, आणि तयार वाक्यांचं चक्र.

गेमनुसार जागा बदलते. डोटा २ मध्ये ऑल्ट दाबून स्वतःच्या ॲबिलिटीवर क्लिक केलं की टीमच्या चॅटमध्ये ओळ आपोआप जाते: तयार आहे, किंवा इतके सेकंद बाकी आहेत, किंवा माना (ॲबिलिटी वापरायला लागणारी ऊर्जा) पुरत नाही. लीग ऑफ लेजंड्समध्येही ॲबिलिटीच्या चिन्हावर पिंग करता येतं. ओव्हरवॉचमध्ये पीसीवर झेड हे बटण मुळातच अल्टिमेटची स्थिती सांगण्यासाठी ठेवलेलं आहे. २०१९ साली एपेक्स लेजंड्स आला तेव्हा त्याच्या पिंगचं एवढं कौतुक झालं त्याचं कारण हे, की बटण एकच, पण शत्रूवर रोखून दाबलं तर 'शत्रू', बंदुकीवर रोखून दाबलं तर 'इथे ही बंदूक आहे' असा अर्थ गेम स्वतःच लावतो, आणि टीममेटला त्यावर एका बटणात उत्तरही देता येतं. २०२२ च्या ओव्हरवॉच २ मध्येही जागा आणि शत्रू दाखवणारं पिंग आलं.

सापडलेलं बटण आहे तिथेच ठेवू नका. माउसच्या बाजूच्या बटणावर किंवा अंगठ्याच्या आवाक्यात आणा. पळता पळता, नेम न हलवता दाबता आलं तरच ते कामाचं. मोबाइलवर खेळत असाल तर झटपट संदेशांच्या यादीत कामाची वाक्यं सगळ्यात वर घ्या. पडद्यावर बोट सरकवत वाक्य शोधेपर्यंत लढाई संपलेली असते. माझ्या चक्रात पाचच वाक्यं असतात: एकत्र या, थांबा, मागे फिरा, अल्टिमेट तयार, धन्यवाद. शेवटचं शोभेचं वाटेल, पण मी ते सर्वात जास्त वापरतो. का, ते पुढे येईल.

मग आवाजाच्या सेटिंगमध्ये जा. संगीत खाली, पात्रांचे संवाद वर. तुम्ही माइक वापरत नसलात तरी गेम स्वतः खूप बोलत असतो. ओव्हरवॉचमध्ये बऱ्याच पात्रांचा अल्टिमेट सुटला की आपल्या टीमला एक वाक्य ऐकू येतं आणि शत्रूच्या टीमला वेगळं. काउंटर-स्ट्राइकमध्ये टीममेटने ग्रेनेड फेकला की त्याचं पात्र ओरडून सांगतं. हेडफोनवर गाणी लावून खेळणाऱ्याला यातलं काही कळत नाही आणि तोच नंतर "कुणी सांगितलंच नाही" म्हणतो.

शेवटचं, टीमची स्थिती कुठे दिसते ते बघा. लीगमध्ये टीममेटच्या चित्राजवळचा हिरवा ठिपका त्याचा अल्टिमेट तयार असल्याचं सांगतो. स्प्लाटूनमध्ये स्पेशल (तिथला अल्टिमेट) भरलं की वरच्या पट्टीतलं त्या खेळाडूचं चिन्ह चमकायला लागतं. व्हॅलोरंटमध्ये टॅब दाबून कुणाचे किती पॉइंट भरलेत ते कळतं. नव्या खेळाडूची नजर स्वतःच्याच कूलडाऊनवर (ॲबिलिटी पुन्हा तयार व्हायला लागणाऱ्या वेळावर) खिळलेली असते. प्रत्येक लढाईच्या आधी एकदा टीमच्या पट्टीवर नजर टाकायची सवय लावून घ्या. एक सेकंद लागतो.

२. तुमची ॲबिलिटी आधीची की नंतरची?

ॲबिलिटी शेकडो असल्या तरी जुळवण्याच्या दृष्टीने मी त्यांच्या चारच जाती मानतो. शत्रू कुठे आहे ते दाखवणाऱ्या किंवा आपल्याला झाकणाऱ्या. शत्रूला पकडून ठेवणाऱ्या. मारणाऱ्या. आणि आपल्या माणसाला वाचवणाऱ्या. पहिल्या तिघींचा क्रम ठरलेला आहे: आधी बघा, मग पकडा, मग मारा. चौथी या रांगेत बसत नाही, तिच्यासाठी खाली वेगळा भाग आहे.

हा क्रम डोक्यात बसला की निम्मं बोलणं लागतच नाही. लीग ऑफ लेजंड्समधली मॅल्फाइट आणि यासुओ ही जोडी घ्या. यासुओचा अल्टिमेट फक्त हवेत उडालेल्या शत्रूवर चालतो. मॅल्फाइटचा अल्टिमेट म्हणजे धाडकन आदळून शत्रूला हवेत उडवणं. मॅल्फाइटने उडी घेतली की यासुओला विचारण्यासारखं काही उरत नाही. शत्रू हवेत आहेत तोवर बटण दाबायचं, बस. नव्या खेळाडूने अशाच जोड्यांपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, कारण इथे पहिल्याची कृती हीच दुसऱ्याची सूचना असते.

ओव्हरवॉचमधली झार्या आणि हान्झो ही जुनी जोडी थोडी अवघड. झार्याचा ग्रॅव्हिटॉन सर्ज आजूबाजूच्या शत्रूंना ओढून एका जागी धरून ठेवतो, पण जेमतेम तीन-चार सेकंद. हान्झोचे ड्रॅगन भिंतीतून आरपार जातात, मात्र सावकाश जातात. हान्झो लांब उभा असेल तर ड्रॅगन पोचेपर्यंत पकड सुटलेली असते आणि सगळा प्रकार वरातीमागून घोडं होतो. दोघांनी बटण बरोबर दाबूनही कॉम्बो फसतो तो असा, अंतरामुळे. म्हणून झार्याने ग्रॅव्हिटॉन टाकण्याआधी हान्झो कुठे उभा आहे ते बघावं, आणि हान्झोने झार्याचा अल्टिमेट भरत आलेला दिसला की आपणहून जवळ सरकावं.

सगळ्यात देखणं उदाहरण मात्र डीप रॉक गॅलॅक्टिकमधलं आहे, आणि तिथे शत्रूचा संबंधच नाही. चौघं बुटके गुहेत खनिज खणतात. खनिज उंच भिंतीवर असतं. स्काउट दोरीच्या बंदुकीने तिथे पोचू शकतो, पण उभं राहायला जागा नसते. इंजिनिअरकडे भिंतीवर फळी चिकटवणारी बंदूक असते, पण त्याला वर जाता येत नाही. स्काउट लेझर पॉइंटरने खनिजाकडे बोट दाखवतो, इंजिनिअर त्याच्या बरोबर खाली फळी मारतो, स्काउट उडून फळीवर उतरतो आणि खणतो. जगाच्या कुठल्याही टोकाची दोन माणसं एक शब्दही न बोलता तासन्‌तास हे करत असतात. नव्या माणसाला सरावासाठी मी हाच गेम सुचवतो. चूक झाली तरी कुणाचा रँक जात नाही.

आता उलटी बाजू. काही ॲबिलिटी आपल्याच माणसाला नडतात आणि त्या कोणत्या ते आधीच माहीत हवं. डोटा २ मध्ये फेसलेस व्हॉइडच्या क्रोनोस्फिअरमध्ये शत्रूबरोबर त्याचे स्वतःचे टीममेटही गोठतात. लांबून मारणारा बाहेर उभा राहून मारू शकतो. तलवार घेऊन आत धावणारा पुतळा होऊन बसतो. मी हे तीन वेळा केलंय आणि तिसऱ्यांदा तर नाव वाचूनसुद्धा केलं. काउंटर-स्ट्राइकमधले आणि व्हॅलोरंटमधले बरेचसे फ्लॅश आपल्या टीमचेही डोळे दिपवतात. शत्रूला ढकलणारी कुठलीही ॲबिलिटी दुसऱ्याच्या पकडीतून शत्रू सोडवून देऊ शकते. तुमच्या पात्राकडे ढकलण्याची ॲबिलिटी असेल तर कुणीतरी शत्रूंना एकत्र ओढताना दिसलं की त्या बटणावरून बोट काढून घ्या.

३. पूर्ण टीम विसरा, एक जोडीदार धरा

चार अनोळखी माणसांची मोट बांधायला जाऊ नका. एक पकडा. पात्रं निवडताना किंवा मॅच लोड होताना बघा: कुणाच्या ॲबिलिटीला तुमची सर्वात सहज जोडता येईल? तोच जोडीदार. तो चांगला खेळतोय की नाही हे पहिल्या दोन-तीन मिनिटांत कळेल. नसेल तर मुकाट्याने दुसऱ्याकडे वळा, जाहीर करायची गरज नाही.

आणि नवे असाल तर नंतर जोडणारे व्हा, आधी सुरू करणारे नको. लढाई कधी सुरू करायची हे ठरवायला नकाशा, शत्रूचे कूलडाऊन, टीममधले सगळे कुठे आहेत असं बरंच काही एकदम दिसावं लागतं. नंतर जोडणाऱ्याला एकाच माणसावर डोळा ठेवायचा असतो. हलकी कामगिरी म्हणून मी हे सांगत नाहीये. अनोळखी टीममध्ये सुरू करणारे पुष्कळ असतात, मागून येणाऱ्यांचाच दुष्काळ असतो.

४. एका ओळीचा करार

मॅचच्या आधी एकच ओळ टाइप करा. त्या ओळीत तीन गोष्टी हव्यात: कोण, कशानंतर, काय. उदाहरणार्थ: "झार्या, तू ग्रॅव्ह टाक, मी मागून ड्रॅगन." किंवा "तू आत उडी घेतलीस की मी शील्ड देतो." किंवा "पहिला फ्लॅश मी उजव्या कोपऱ्यात, त्यानंतर आत."

बहुतेक लोक लिहितात ते असं: "आपण सगळे मिळून अल्ट वापरू या", "टीमवर्क हवं". हे वाचून कुणाचंही बोट हलत नाही. "तयार झालो की सांगतो" हेही फसवं आहे, कारण ऐन वेळी सांगायला हात मोकळा नसतो. करारात वेळ घालू नका, प्रसंग घाला. "दोन मिनिटांनी हल्ला" हे कुणाच्या लक्षात राहत नाही. "त्याने दार फोडलं की हल्ला" हे दिसतंच.

समोरच्याची भाषा वेगळी असेल तर पात्राचं नाव, ॲबिलिटीचं नाव आणि अधिकचं चिन्ह एवढं पुरतं. "ग्रॅव्ह + ड्रॅगन" कुठल्याही भाषेत कळतं. फायनल फँटसी १४ मध्ये तर तयार शब्दांचा कोशच दिलाय: तुम्ही वाक्य निवडता आणि जपानी, इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंच गेम खेळणाऱ्याला ते त्याच्या भाषेत दिसतं.

उत्तर आलं नाही तरी हरकत नाही. बरेच जण चॅट वाचतात पण लिहीत नाहीत. पहिल्या लढाईत तो तुमच्याकडे वळून बघतोय का, जवळ राहतोय का, यावरून निरोप पोचला की नाही ते समजतं.

५. स्थिती, जागा, सुरुवात

मॅचमध्ये प्रत्येक मोठ्या ॲबिलिटीआधी मी पिंग या क्रमाने देतो.

पहिलं पिंग स्थितीचं: माझा अल्टिमेट तयार आहे. लढाईच्या दहा-पंधरा सेकंद आधी, सगळे चालत असताना, एकदाच. ऐंशी-नव्वद टक्के झाला असेल तरी कळवा. जोडीदाराचा तयार असेल तर तो तेवढं थांबू शकतो. त्याला माहीतच नसेल तर तो आपला एकट्याने उडवून मोकळा होतो. उत्तरादाखल त्यानेही स्थिती दाखवली तर समजा हस्तांदोलन झालं.

दुसरं पिंग जागेचं किंवा माणसाचं. कुठे टाकणार? शत्रूचा हीलर जिथे उभा आहे तिथे, की दारात? इथे एकच ठिपका द्या. तीन जागी पिंग केलं की तीन जण तीन दिशांना जातात. फ्लॅशच्या बाबतीत तर ही पायरी कधीच गाळू नका: जिथे फुटणार तिथे पिंग, एक श्वासभर थांबा, मग फेका. त्या एका श्वासात तुमची माणसं तोंड फिरवतात.

तिसरी सुरुवात. हे पिंग नसतंच, ती कृतीच असते. 'हल्ला' असं पिंग करून मग हल्ला करणारे फार असतात. त्या दोन्हींच्या मधल्या पाऊण सेकंदात अर्धी टीम पुढे आणि अर्धी मागे होते. पहिली दोन पिंगं नीट दिली असतील तर तिसऱ्याची गरज पडत नाही.

पिंगचा भडिमार मात्र करू नका. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट पिंगलाही तंतोतंत लागू आहे. मॅचभर धोक्याचं पिंग वाजवणाऱ्याकडे तिसऱ्या मिनिटापासून कुणी बघत नाही, काही जण तर त्याची पिंगं म्यूट करतात, आणि मग खरोखर मागून कुणी आलं तरी त्याची हाक पोचत नाही. तातडी असेल तर दोनदा. दोनाच्या वर पिंग म्हणजे राग, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं.

६. अंगाने बोला

पिंगपेक्षाही जुनी भाषा म्हणजे तुमचं पात्र. कुठे उभं आहे, कुठे बघतंय, हलतंय की थांबलंय. कोपऱ्यावर येऊन थांबलात तर मागचाही थांबतो. जोडीदाराच्या अंगावरून पुढे गेलात तर तो मागे येतो. उडी मारणं किंवा खाली-वर बसणं म्हणजे "माझ्याकडे बघ". मोकळ्या भिंतीवर एक गोळी म्हणजे "या वाटेने". शत्रू जवळ नसेल तेव्हाच अर्थात.

यातलं सगळ्यात उपयोगी काय, तर थांबणं. नवा खेळाडू सतत हलत असतो, त्यामुळे त्याची कुठलीच हालचाल सूचना वाटत नाही. मी हल्ल्याआधी जोडीदाराच्या नजरेसमोर जाऊन सेकंदभर स्तब्ध उभा राहतो, तोंड जायच्या दिशेला करून. मग निघतो. दहापैकी सात-आठ वेळा तो सोबत येतो. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, मोजलेला नाही.

स्प्लाटून ३ खेळणाऱ्यांकडून हे शिकण्यासारखं आहे. चार विरुद्ध चार, टर्फ वॉरची (जमीन आपल्या रंगाने रंगवण्याची) मॅच तीन मिनिटांची, आणि अनोळखी लोकांबरोबर खेळताना सांगायला जवळजवळ एकच कामाची हाक: "इकडे या." बाकी सगळं नकाशावरचा रंग आणि वरच्या पट्टीतली चमकणारी चिन्हं सांगतात. पट्टीत दोन चिन्हं चमकली की अनुभवी खेळाडू हाक देतो आणि पुढे सरकतो. बोलण्याचा मुद्दा तिथेच संपतो.

७. वाचवणाऱ्या ॲबिलिटी: इथे सर्वात जास्त वाया जातं

मारण्याच्या ॲबिलिटी दोघांनी एकदम वापरल्या तर निदान शत्रू मरतो. वाचवण्याच्या दोन एकदम वापरल्या तर काहीच हाती लागत नाही. शत्रूने ग्रॅव्हिटॉन टाकला. तुमच्या टीममधला झेन्याटा घाबरून ट्रान्सेंडन्स सोडतो, त्याच क्षणी लुसिओ साउंड बॅरियर सोडतो. सगळे वाचतात, वाहवा होते, आणि पुढच्या लढाईत शत्रूचा दुसरा अल्टिमेट येतो तेव्हा दोन्ही सपोर्टकडे (टीमला सांभाळणाऱ्या खेळाडूंकडे) काही नसतं.

यावर उपाय एकच, आधी क्रम ठरवणं. सपोर्ट असाल तर दुसऱ्या सपोर्टला लिहा: "पहिला मी, पुढचा तू." लिहायला वेळ नसेल तर स्वतःपुरता नियम करा: शत्रूचा अल्टिमेट ऐकू आल्यावर अर्धा सेकंद दुसऱ्याचा आवाज ऐका, आला नाही तर तुम्ही दाबा. अर्धा सेकंद जीवघेणा वाटतो खरा. पण ज्या अल्टिमेटमध्ये माणसं लगेच मरत नाहीत तिथे तो परवडतो, आणि जिथे लगेच मरतात तिथे तुम्ही घाईने दाबून तरी कितीसे वाचणार होते? वापरून झाला की लगेच स्थितीचं पिंग द्या, म्हणजे पाळी दुसऱ्याची हे त्याला कळतं.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये हेच चिन्हांनी करतात. शत्रूंच्या डोक्यावर लावायला आठ चिन्हं असतात. कवटी म्हणजे हा आधी मारायचा, फुली म्हणजे त्याच्यानंतर हा. अनोळखी गटातही हे न सांगता पाळलं जातं. शत्रूचा मंत्र तोडण्याची ॲबिलिटी प्रत्येकाकडे असेल तर प्रत्येकाला एकेक चिन्ह वाटून द्या, म्हणजे एकाच मंत्रावर तिघांचे वार पडत नाहीत. ब्लडलस्टसारख्या गोष्टीला तर विशेष जपावं लागतं: ४० सेकंद सगळ्या गटाचा वेग ३० टक्क्यांनी वाढतो, पण त्यानंतर १० मिनिटं ती पुन्हा कुणालाच लागू होत नाही. गटात दोघांकडे ती असेल तर कोण वापरणार हे दारातच ठरवा.

८. शत्रूचं घड्याळही टीमला दाखवा

हा भाग सवय झाल्यावर करायचा, पण माहीत असू द्या. लीगमध्ये फ्लॅश (वरचा डोळे दिपवणारा नव्हे) ही पळून जायची जादूची छोटी उडी एकदा वापरला की साधारणपणे ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं परत मिळत नाही. शत्रूने १०:२० ला वापरला तर चॅटमध्ये "मिड फ्लॅश १५:२०" (मधल्या वाटेवरच्या शत्रूचा फ्लॅश १५:२० ला परत) एवढं टाका. तोवर त्याच्यावर चाल करायला सगळ्यांना मोकळं रान. ओळ छोटी ठेवा आणि मरून पडल्यावर, दुकानात असताना किंवा चालताना टाका. लढता लढता टाइप करताना मेलेल्या खेळाडूंची संख्या मोजली तर माझा नंबर वरचा लागेल.

९. बिनसलं तर

बिनसणारच. चार लढायांपैकी एक जुळली तरी सुरुवातीला भरपूर झालं. जोडीदाराची वाट बघण्याला मर्यादा ठेवा: दोन लढाया अल्टिमेट भरलेला असूनही वापरला नसेल तर तिसऱ्या लढाईत एकट्याने वापरून टाका. परफेक्ट कॉम्बोसाठी साठवून ठेवलेला अल्टिमेट मॅच संपताना तसाच भरलेला दिसतो, त्यासारखं वाईट वाटत नाही. शिवाय वापरलाच नाही तर पुन्हा भरणारही नाही.

कॉम्बो फसला तर चॅटमध्ये काही लिहू नका. समजावूनही सांगू नका. अनोळखी माणसाने मॅचच्या मध्यात दिलेला सल्ला टोमण्यासारखाच वाचला जातो. तयार वाक्यंसुद्धा जपून वापरा. रॉकेट लीगमध्ये "काय वाचवलंस!" हे कौतुकाचं वाक्य आहे, पण गोल खाल्ल्यावर ते इतक्यांदा उपहासाने वापरलं गेलंय की आता खऱ्या कौतुकालाही संशयाचा वास येतो.

जुळला तर मात्र लगेच "धन्यवाद". पाच वाक्यांत मी ते का ठेवतो त्याचं हे उत्तर: त्यातून जोडीदाराला कळतं की झालं ते योगायोगाने झालं नव्हतं, मी मुद्दाम केलं होतं आणि पुन्हा करणार आहे. पुढच्या लढाईत तो तुमच्याकडे बघायला लागतो. शिव्या देणाऱ्याला म्यूट करा, पण शक्य असेल तिथे फक्त चॅट म्यूट करा, पिंग चालू ठेवा. वैतागलेली माणसंही पिंग बऱ्यापैकी खरी देतात.

१०. सराव

पहिल्या पाच मॅच फक्त टीमच्या पट्टीवर नजर टाकायची सवय करा, बाकी काही नाही. पुढच्या पाचांत प्रत्येक वेळी एका ओळीचा करार लिहा. त्यानंतर स्थितीचं पिंग आणि जागेचं पिंग जोडा. क्रम बदलू नका. सगळं एकदम करायला गेलात तर नेमही जाईल आणि पिंगही.

डोटा २, लीग आणि ओव्हरवॉचमध्ये झालेली मॅच पुन्हा बघता येते. फसलेली एखादी लढाई निवडा आणि ती जोडीदाराच्या बाजूने बघा. मी एकदा अशीच बघायला बसलो होतो. एका सपोर्टवर माझा राग होता: दोनदा पिंग करून, समोर जाऊन उभा राहून मी आत उडी घेतली आणि त्याने शील्ड दिलीच नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर मी पिंग करत होतो तेव्हा तो पाठ फिरवून मागून आलेल्या शत्रूशी एकटा झुंजत होता. त्यानेही दोनदा पिंग केलं होतं. ते माझ्या पडद्यावर, माझ्याच मिनिमॅपवर, लाल ठिपक्याने चमकत होतं.